रिमच्या आतली तीट

शेजारच्या वानखेडे सरांनी निवृत्तीनंतर गुडघ्यांचं निमित्त काढून नवी सायकल घेतली. गियरची, जाड टायरांची, चाकाच्या मधोमध चकचकीत पोलादी तबकडी असलेली. याला डिस्क ब्रेक म्हणतात, हे त्यांनी मला दोन दिवसांत चारदा सांगितलं. दसऱ्याला तिची साग्रसंगीत पूजा झाली, हँडलला झेंडूचा हार आला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती ओरडायला लागली. सर गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबतात आणि ते फिरून आल्याचं अख्ख्या कॉलनीला कळतं. परवा ते फाटकाशी थांबून म्हणाले, "नवीकोरी सायकल आहे ताई, अन् अशी किंचाळते!" मी हळहळले. म्हणजे तोंडानं. आतून मात्र अगदी गारगार वाटलं, आणि या वयातही असं वाटतं म्हणून थोडी लाज वाटली.

खरं तर कारण मला फाटकातूनच दिसलं होतं. त्या तबकडीवर तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं ओढलेली होती, अर्धवट पुसलेली. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हटलं, "बसेल हळूहळू आवाज," आणि चहा टाकायला आत आले. ओट्याशी उभी होते तेव्हा नाकात एरंडेलाचा वास आला. माझ्या घरात एरंडेल तेल नाही, कित्येक वर्षांत नाही. तो वास दसरा ते संक्रांतीच्या मधल्या एका जुन्या हंगामातला होता.

कापूस वेचणीचे दिवस. सेवाग्रामपासून तीन कोसांवर आमचं गाव. मी एकोणीस वर्षांची, आणि सत्तरचं दशक संपायला आलेलं. त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी सगळ्याच गोष्टींना कापूस चिकटलेला असायचा. बायांच्या लुगड्यांना, बाभळीच्या काट्यांना, चहाच्या कपालासुद्धा. तुरीला पिवळा बहर आलेला असायचा आणि अंगणात ऊन इतकं कोवळं पडायचं, की भांडी घासायलाही बाया उन्हात सरकून बसत. गावच्या चौकात माझ्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, एक पंप, पाण्याचं घमेलं, आणि पान्यांची पेटी. मला भाऊ नव्हता, त्यामुळे ती पेटी माझ्या हाती लवकर आली. पंक्चर मी दहाव्या वर्षी काढलं. चाकाचा बांक काढणं, चेनची कडी तोडणं, हे सगळं यायचं. फक्त सायकल नव्हती. बाबांची एक होती, डबलबारची, ती बाबाच चालवत.

मंदा आमच्या मागच्या गल्लीतली. पहिलीपासून आम्ही एका पाटीवर. शाळेतून येताना ती हमखास दुकानाशी थांबायची आणि मी पाना फिरवताना बघत बसायची. बघून बघून कंटाळत कशी नाही, याचं मला नवल वाटायचं. त्या वर्षी सेवाग्रामला दवाखान्यात परिचारिकेचं काम शिकायला मुली घेणार होते. दोघींनी अर्ज केले. दोघी एकाच दिवशी जाऊन आलो, एकाच डब्यातली पोळी खाल्ली. यादी लागली तेव्हा तिचं नाव होतं, माझं नव्हतं. ती यादी मी तीनदा वाचली, खालून वरसुद्धा वाचली. मग मंदाच्या गळ्यात पडून मी म्हटलं, "मले लय आनंद झाला वं." तिला ते खरं वाटलं.

तिथं राहायची सोय होती, पण मंदाच्या बाबांना मुलगी संध्याकाळी घरात हवी होती. म्हणून दसऱ्याला वर्ध्याहून तिच्यासाठी सायकल आली. लेडीज, हिरवी, दांड्यांना खाकी कागद गुंडाळलेला. तो कागद आमच्याकडे कोणी काढत नसे, पावसानं आपोआप सुटेपर्यंत राहू देत. ती सायकल चौकातून नेताना मी टपरीत एका म्हाताऱ्याच्या सायकलीचं पंक्चर काढत होते. हाताला सोल्यूशन लागलेलं. मंदानं घंटी वाजवली. मी हसले, हात हलवला, आणि ट्यूबवर ठिगळ इतकं दाबलं की अंगठा पांढरा पडला.

हेवा म्हणजे काय ते मला तेव्हा अंगानं कळलं. तो छातीत नसतो, निदान माझा तरी नव्हता. माझा घशाखाली होता. सकाळी साडेसहाला मंदा निघायची, आमच्या घरावरून जायची, आणि मी अंथरुणात पडून ऐकायची. तिचा डायनॅमो, तिची घंटी, तिचा नवा मडगार्ड. मला तिच्या पांढऱ्या पातळाचाही हेवा वाटायचा आणि परत आल्यावर ती दमलेली असायची, त्या दमण्याचासुद्धा. मी दिवसभर चार सायकलींत हवा भरून दमत होते, पण त्याला दमणं कोण म्हणतं?

आणि मग ती सायकल ओरडायला लागली.

आमच्या गावाबाहेर नाल्याचा उतार आहे. उतारावर ब्रेक दाबावाच लागतो, नाहीतर खाली पुलाच्या कठड्यावर आदळायचं. मंदानं तिथं ब्रेक दाबला की असा कर्कश आवाज निघे की कापसात वाकलेल्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. पहिल्या दिवशी तो आवाज अंथरुणापर्यंत आला तेव्हा मी चक्क उठून बसले. फार बरं वाटलं.

बाबांकडे सायकल आली. जुन्या धर्तीचे ब्रेक ते, दांड्यांचे. हँडलखालची मूठ ओढली की दांड्या वर ओढल्या जायच्या आणि रबरी गुटके रिमला आतून, तारांच्या बाजूनं, घट्ट बसायचे. बाबांनी दांड्या सरळ केल्या, गुटके घासले, नट आवळले, रिम कोरड्या फडक्यानं पुसलं. आवाज कमी झाला. चार दिवसांनी परत आला. बाबांनी गुटके बदलले. पुन्हा तेच. बाबा डोकं खाजवून म्हणाले, "नवी सायकल, रबर नवे, दांड्या सरळ. मंग ओरडते काऊन?" कठड्यावर बसणाऱ्या रिकामटेकड्यांना तर विषयच मिळाला. मंदा आली की तेही तसाच आवाज काढत. नंतर ते दुकानात येऊन बाबांनाही म्हणायला लागले, "काय मिस्त्री, नव्या सायकलीचं तोंड बंद करता येत नाई का तुमाले?"

वारांची गंमत मला अंथरुणातून कळली. सोमवारी सायकल किंचाळायची. बुधवारी रडायची. शुक्रवारी नुसती कण्हायची. रविवारी मंदाला सुट्टी, आणि सोमवारी पुन्हा किंचाळी. म्हणजे शनिवार-रविवारात कुणीतरी तिला काहीतरी करत होतं.

दिवाळीच्या आसपास एकदा बाबा जेवायला गेले असताना सायकल माझ्या ताब्यात आली. मी ती उलटी केली, चाक फिरवलं, आणि रिमच्या आतून बोट घातलं. बोट काळं झालं. त्यात नवल नव्हतं; रबर झिजतं, त्याचा काळा भुगा बसतो, बाबांनीही तेच समजून फडकं मारलं होतं. पण भुगा कोरडा असतो, चरचरतो. हे गुळगुळीत होतं. मी बोट नाकाशी नेलं. एरंडेल.

वास ओळखायला मला क्षणही लागला नाही. मंदाच्या आईचं काजळ गावात प्रसिद्ध होतं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून ती ते धरायची आणि एरंडेलातच खलून पितळेच्या डबीत भरायची. गल्लीतल्या प्रत्येक बाळाच्या गालावर काकूची तीट असे. माझ्याही होती, आई सांगायची. पोरीच्या नव्या सायकलीला लोकांची नजर लागू नये म्हणून काकू दर शनिवारी सांजच्याला चाकाला तीट लावत होती. आणि ती दिसू नये म्हणून रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या मुळाशी. नेमकी तिथे, जिथे ब्रेकचं रबर बसतं. रबर ते काजळ सगळ्या रिमभर पसरवायचं आणि सायकल ओरडायची. ओरडली की काकूला वाटायचं नजर लागली, आणि ती पुढच्या शनिवारी तीट आणखी मोठी लावायची.

मी त्या टपरीत एकटी हसले. मग हसू थांबलं. कारण ज्या नजरेसाठी हे चाललं होतं, ती गावात दुसऱ्या कुणाची नव्हती.

सांगायचं होतं, खरंच. त्याच संध्याकाळी मंदा सायकल न्यायला आली. कपाळावर घाम, केसांत कापूस. म्हणाली, "शालू, तुले सायकलीतलं समजते. तूच सांग बरं, काय झालं असन हिले?" पाना माझ्या हातात होता, उत्तर जिभेवर होतं. मी म्हटलं, "मशीनचं काई नाई दिसत वं. नजर असन कोनाची."

हे मी म्हटलं. इतकी वर्षं झाली, तरी मला ते वाक्य जसंच्या तसं आठवतं, आणि म्हणताना मी चेहरा किती साळसूद केला होता तेही. त्या आठवड्यापासून काकू तीट बुधवारीही लावायला लागली. दोन्ही चाकांना. मागच्या चाकाला काळ्या दोऱ्यात बिब्बा पण बांधला.

आजही हे आठवता आठवता चहा उतू जातो आणि मी गॅस बंद करते. माणूस कशानं बदलतो कोण जाणे. मला वाटायचं वयानं बदलतो. पण परवा फाटकाशी सरांना "बसेल आवाज" म्हणताना माझा चेहरा तोच होता, टपरीतला. नुसता चष्मा वाढला होता.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा व्हायचं ते झालं. तेल चढत चढत गेलं की ब्रेक फक्त ओरडत नाही, घसरतो. हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं मी वागत होते. एका सकाळी नाल्याच्या उतारावर मंदानं ब्रेक दाबला, सायकल ओरडली, पण थांबली नाही. खाली कापसानं गच्च भरलेली बैलबंडी पूल ओलांडत होती. मंदा सरळ मागून त्या कापसात घुसली. खरचटणंसुद्धा नाही. बंडीवाल्यानं तिला हाताला धरून बाहेर काढलं तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होती, असं सांगत लोक हसत होते. मीही हसले. मग तो उतार डोळ्यांपुढे आला. बंडी तिथं नसती तर पुलाचा दगडी कठडा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मंदा दुकानाशी आली आणि नेहमीच्या खोक्यावर बसली. मी पाना फिरवत होते, ती बघत होती. म्हणाली, "बाबा म्हनते, लोकाईत हसं झालं. सायकल माह्या भावाले देऊन टाकतो म्हनते. तो जाईन कापसाच्या जिनिंगवर कामाले."

"अन् तू?"

"मी काय. घरी." मग माझ्याकडे बघून तिनं हसायचा प्रयत्न केला. "चांगलं झालं ना वं. आता आपन दोघी इथंच."

दोन महिने मी हेच मागत होते. अगदी याच शब्दांत नसेल, पण हेच. ती घरी बसली तर घरी बसलेली मी एकटी उरणार नाही. आणि ते तिनं माझ्यापुढे आणून ठेवलं, वर मला बरं वाटावं म्हणून हसूनही दाखवलं. माझ्या हातातला नट खाली पडला आणि तो शोधायच्या निमित्तानं मी कितीतरी वेळ वाकूनच राहिले.

दुपारी मी चुलीतली राख आणि घासलेटात भिजवलेलं फडकं घेऊन मंदाच्या घरी गेले. मंदा धुणं घेऊन नाल्यावर गेली होती. काकू अंगणात सुपात तूर पाखडत होती. मी सरळ सायकल उलटी केली आणि रिमच्या आतून घासायला लागले.

"काय करून राह्यली वं शाले?"

"चाक पुसून राह्यली."

"तुह्या बापानं पुसलं ना परवा."

"त्याईनं कोरडं पुसलं. हे कोरड्यानं नाई निघत." मी काळं बोट पुढे केलं. "काकू, हे काजळ आहे. याच्यानंच वाजते ते. याच्यावरून रबर घसरते. काल बंडीत गेली ते बी याच्यानंच."

काकूच्या हातातलं सूप थांबलं. तिनं माझं बोट पाहिलं, मग मला. "कवापासून मालूम होतं तुले?"

खोटं बोलायची सवय होती, पण त्या दिवशी सुचलं नाही. "दिवाळीपासून."

ती रागावेल, शिव्या देईल, आईकडे जाईल, असं वाटून मी मान खाली घालून राख चोळत राहिले. कोंबड्या सुपापाशी आल्या, तिनं त्या हाकलल्या. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ किती टाकू असं विचारावं तसं, तिनं विचारलं, "मंग तीट लावू कुठं?"

मी म्हणायला हवं होतं, काकू, तीट नको आता. गरज नाही. कोण जळतंय तुमच्या पोरीवर? हे म्हणायला दोन श्वास पुरले असते. मी म्हटलं, "सीटच्या खाली लावा. तिथं काई घासत नाई."

"बरं," काकू म्हणाली, आणि परत तूर पाखडायला लागली. मी निघाले तेव्हा तिनं माझ्या पदरात मूठभर तूर बांधली.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी अंथरुणात पडून ऐकत होते. डायनॅमो, घंटी, मडगार्ड. मग उतार. मग काहीच नाही. नुसता एक होला घुमत होता. मंदा सेवाग्रामला पोचली, संध्याकाळी परत आली, आणि मग रोज जात राहिली. गावात झालं, की काकूनं नजर उतरवली. बाबांनीही तेच मान्य केलं. यंत्रात त्यांना काही सापडलंच नव्हतं. माझा हेवा मात्र कुणी उतरवला नाही. तो होता तिथंच होता, घशाखाली.

काल संध्याकाळी मी वानखेडे सरांना फाटकाशी थांबवलं. कापूस आणि स्पिरिट नेलं होतं. तबकडी पुसून दिली, बोट लावू नका, तेल लावू नका, गुटके एकदा कानशीनं हलके घासून घ्या, म्हटलं. त्यांनी एक चक्कर मारली. आवाज गेला. खूश होऊन म्हणाले, "पण मग ताई, पुढच्या दसऱ्याला कुंकू लावायचं कुठं?" मला हसू आलं. "सीटखाली लावा सर," मी म्हटलं.

आणि मग मला माझी सीट आठवली.

ऐंशीच्या दशकात, चार-पाच वर्षांनी, मला बालवाडीत बाई म्हणून काम लागलं आणि मीही नवी सायकल घेतली. काळी, लेडीज, खाकी कागदासकट. मंदा तोवर नर्स झाली होती, लग्न होऊन वर्ध्यात राहत होती. तिची हिरवी सायकल अखेर भावाकडेच गेली; सासरच्यांना सुनेनं सायकल हाणत ड्युटीला जाणं बरं दिसत नव्हतं. नवरा तिला स्कूटरवर सोडायचा. मला त्या स्कूटरचाही हेवा वाटायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. माझी सायकल आल्याचं ऐकून ती एका रविवारी मुद्दाम आली, माहेरी न जाता सरळ माझ्याकडेच. सायकलीभोवती दोनदा फिरली. घंटी वाजवून पाहिली. ब्रेक दाबून पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चालवाले कशी आहे?"

"चालवून पाह्य ना."

"नाई वं. पातळ आहे." मग म्हणाली, "मी मागं बसून जातो आता." मी चहा करायला आत गेले. ती बाहेरच राहिली. चहा घेतला, गेली. किती बरं झालं, असं मला वाटलं. तिच्यासमोर नवी सायकल मिरवताना मला लाजल्यासारखं होत होतं.

आठवड्यानं सीट थोडी उंच करावी म्हणून मी नट सैल केला आणि सीट उपसून उलटी धरली. खाली, चामड्याच्या आतल्या अंगाला, बोटाच्या पेराएवढा काळा ठिपका. मी नाक नेलं. एरंडेल.

आधी मला रागच आला. म्हणजे काकूनं हिला सांगितलं होतं सगळं. इतकी वर्षं हिला ठाऊक होतं, सायकल का ओरडत होती आणि नजर कोणाची होती. आणि हे माहीत असून ती खोक्यावर बसून मला पाना फिरवताना बघत राहिली. कान तापले माझे. मग सीट हातात धरून मी तशीच दारातल्या ओट्यावर बसले, आणि दुसरी गोष्ट सुचायला थोडा वेळ लागला.

वर्ध्याहून आलेल्या बाईच्या पर्समध्ये काजळाची डबी कशाला असेल? मंदा डोळ्यांत काजळ कधीच घालत नव्हती. ती डबी तिनं घरून निघतानाच घेतली होती. म्हणजे निघतानाच तिला माहीत होतं, की माझी सायकल पाहून आपल्याला काय होणार आहे.

मंदाला. माझा हेवा. मी ठिपक्याला बोट लावलं नाही. सीट होती तशी बसवली, दोन बोटं उंच घेतली, आणि नट घट्ट आवळला.